मामांचं सोन्याचं गाव

सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या त्या फ्लॅटमध्ये भाडेकरू म्हणून गेल्यावर पहिल्याच शनिवारी मी घरमालकांवर छाप पाडायचं ठरवलं. माझी खोली झाडली, पॅसेज झाडला, कुणी न सांगता हॉलसुद्धा झाडला आणि सगळा केर स्वयंपाकघरातल्या, कचरा थेट तळमजल्यावर सोडायच्या च्यूटचं झाकण उघडून खाली सोडून दिला. नवव्या मजल्यावरून तो खळखळत गेला. हात झटकत वळलो तर दारात घरमालक, म्हणजे सगळ्यांचे मामा.

“केर कुठाय?”

“टाकला, मामा.”

“टाकला म्हंजे?”

“च्यूटमध्ये.”

मामांनी च्यूटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बनियनवरच तडक लिफ्टकडे निघाले. मामी कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “जा आता त्यांच्या मागं. खालच्या कचऱ्याच्या खोलीला कुलूप असतंय, पण सांगून ऐकायचे न्हाईत.”

कुलूप होतंच. आम्ही दोघं त्या बंद दारासमोर बराच वेळ उभे राहिलो. मामा दाराकडे असे बघत होते, की आत जवळचं कुणीतरी ऑपरेशनला घेतलंय असं येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं. शेवटी म्हणाले, “न बगता टाकलास. शिकलेला माणूस तू.”

मी शिकलेला आहे हे खरं. पुण्याहून इथे आलो तो एका कंपनीचा डेटा साफ करायला. म्हणजे दिवसभर कंपनीचा केर सुपलीत भरतो आणि महिनाअखेर पगार घेतो. पण घरातला केर बघून टाकायचा असतो हे मला कुठल्याच कॉलेजात शिकवलं नव्हतं. मामांच्या घरात केर बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत साठायचा. रविवारी सकाळी मामा परात, बादली आणि एक बुटकं स्टूल घेऊन बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये बसत आणि तो पाण्यात घोळून काढत. परात अशी तिरपी धरायची, मनगटातून एक झोल द्यायचा, हलकं ते वरून वाहून जातं, जड ते तळाला बसतं. तळाला काय बसायचं? शर्टाची बटणं, खडे, माझ्या फोनचं सिमकार्ड काढायची पिन. एकदा मामींच्या कुडीची फिरकी निघाली होती. त्या फिरकीच्या जोरावर मामांनी हा कार्यक्रम पुढे कित्येक वर्षं चालवला.

समोरच्या बिऱ्हाडातली चिनी आजी रविवारी आपल्या कुंड्या आत घ्यायची. का, ते एकदा मामांच्या परातीतलं पाणी माझ्या ऑफिसच्या बुटात गेल्यावर मला कळलं.

मामा मूळचे खानापूर तालुक्यातले, सांगलीकडचे. तिकडची माणसं गलाईच्या धंद्यात. गलाई म्हणजे जुनं, भेसळीचं सोनं आटवून त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचं काम. हा धंदा घेऊन ती मंडळी कुठेकुठे पोचली आहेत. मामा जरा जास्तच लांब गेले. मिसरूड फुटायच्या वयात चुलत्याच्या मागे मद्रासहून बोटीत बसले आणि मलेशियाच्या डोंगरांतल्या एका लहानशा गावात उतरले. तिथे इंग्रजांच्या काळातली सोन्याची खाण बंद पडली होती. पण मामा तरुण असताना सोन्याचा भाव चढला आणि त्या बंद खाणीभोवती, ओढ्यानाल्यांत, पुन्हा माणसांची जत्रा भरली. मामांनी तिथे भट्टी लावली. पुढे ते सिंगापूरला आले, दागिन्यांच्या एका कारखान्यात काम धरलं, लग्न केलं, फ्लॅट घेतला, मुलीचं लग्न लावून दिलं. पण ते सगळं त्यांच्या दृष्टीनं किरकोळ. बोलायचे ते त्या गावाबद्दल.

“आमच्या गावात,” मामा सुरू करायचे, “न्हावी खाणवाल्यांची कटिंग फुकट करायचा.”

“का?”

“केस त्याचे. रातच्याला धुवायचा. डोक्यातनं सोनं निघायचं.”

“आणि टक्कल असलेल्यांचं?”

“त्यास्नी दुकानात घेत नव्हता.”

गावाला रस्ता एकच. त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी दुकानं, पुढे पडवी. पाऊस थांबला की मास्तर शाळा सोडून द्यायचे, कारण पोरं नाहीतरी सोनं शोधायला गटारात उतरायची आणि पोरांच्या आधी मास्तर उतरायचे. प्रत्येकाच्या तोंडात सोन्याचा एक दात; त्यामुळे समोरचा प्रेमानं हसतोय की ऐपत दाखवतोय, हे कळायला मार्ग नसायचा. कुणाला सोनं सापडलं की तो चार दिवस मुद्दाम फाटका सदरा घालून हिंडायचा. मग साऱ्या गावाला कळायचं की ह्याला सापडलं.

सोनं मुळात सापडलं कसं, याच्या मामांकडे तीन हकिगती होत्या. एकीत हत्तीनं चिखलातून पाय उपसला आणि पाय चमकला. दुसरीत एका चिनी बाईनं कोंबडी कापली आणि कोंबडीच्या पोटात दाणे निघाले. तिसरीत एक इंग्रज घोड्यावरून तोंडावर पडला आणि उठला तो हसतच उठला. “मामा, ह्यातली खरी कुठली?” असं मी आगाऊपणे विचारलं तेव्हा ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले.

“सोनं काय एकदाच सापडतंय व्हय? ज्याला जसं सापडलं तसं त्यानं सांगितलं.”

मामींना हे सगळं तोंडपाठ होतं. “मी लग्न होऊन आले ती शिंगापुरात,” त्या म्हणायच्या, “पण संसार केला तो त्या गावात. तिथल्या न्हाव्याच्या बायकोची बाळंतपणंसुद्धा मला ठाऊक हायेत. गाव तेवढं बघायचं ऱ्हायलंय.”

त्या गावात मामा कोण होते, हा इतिहासाचा शेवटचा अध्याय. ते गावाचा कणा होते. त्यांची भट्टी विझली की गाव थांबायचं. ते गाव सोडून निघाले तेव्हा सगळा गाव वेशीपर्यंत पोचवायला आला होता. हे सांगताना मामांचा आवाज जड व्हायचा, आणि मामी नेमक्या तेव्हाच कुकरची शिट्टी काढायच्या.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो. इथल्या आमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव होता आणि निवेदक मी होतो. मला निवेदनातलं काही कळत नाही, पण माझ्याकडे कुर्ता होता. ऐन वेळी तबलजी एमआरटी ट्रेनमध्ये अडकला. गायिका स्टेजवर बसलेली, माझे विनोद संपलेले, समोर दोनशे माणसं मोदकाच्या आशेनं शांत. मी घाबरून मामांना स्टेजवर बोलावलं. “पाच मिनिटं बोला, मामा. गावाचं सांगा.”

मामा झकास बोलले. न्हावी आला, दात आले, तिन्ही हकिगती आल्या. हॉल हसून लोटपोट. तबलजी येऊन विंगेत उभा राहिला आणि तोसुद्धा ऐकत बसला. शेवटी मामा त्या वेशीपर्यंत पोचले, आवाज जड झाला, आणि दुसऱ्या रांगेतला विद्यापीठातला एक पोस्टडॉक संशोधक हात वर करून उभा राहिला.

“काका, मी फील्डवर्कसाठी त्या भागात जाऊन आलोय. तिथे सगळे ड्युरियन फळाच्या बागांबद्दल बोलतात. सोन्याचं नाव कुणी काढलं नाही.”

हॉलमध्ये थोडी खसखस पिकली. मामा पुढे सरकले. “तू कुनाला इचारलंस? त्या गावात कुठल्याबी दुकानात जा आन इचार, भट्टीवाला भारतीय कुठं गेला. खुर्ची देत्याल, कॉफी देत्याल, डोळं पुसत्याल!”

इथे मला स्फुरण चढलं. हातात माईक असला की माझं असंच होतं. मी ओरडलो, “मग ठरलं! मी स्वतः मामांना घेऊन त्या गावात जातो आणि कोजागिरीला तुम्हा सगळ्यांना वृत्तान्त सांगतो!”

टाळ्यांचा कडकडाट. मामांनी हात जोडले. पण त्यांचा चेहरा बघितला तो फक्त मी आणि गायिकेनं. तो पार उतरला होता.

त्यानंतर मामांचा गुडघा दुखू लागला. मग पासपोर्ट सापडेना. तो मामींनी काढून दिला. मग तिकडचा रस्ता खराब आहे असं त्यांच्या कानावर आलं. मग गाव शनिवारी बंद असतं असं त्यांना आठवलं. आम्ही रविवार धरला. मामींनी नवी साडी इस्त्री केली. “चला तर,” त्या म्हणाल्या, “एकदाचं माझं सासर बघू द्या मला.”

निघायच्या आदल्या दिवशी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मामा आकड्यांच्या बटणांकडे बघत बोलले.

“तुला काय गरज व्हती रं?”

“मामा, मला वाटलं तुम्हाला आनंद होईल.”

“पन्नास वर्सं होत आली. मानसं मरत्यात, गाव सोडत्यात. कुनी न्हाईच वळखलं तर?”

“मंडळात काहीतरी सांगू आपण.”

“मंडळ गेलं खड्ड्यात. ही घरात हाय.”

लिफ्ट उघडली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नेहमी ठणाणा बोलणारा हा माणूस बायकोसमोर खोटा पडायच्या भीतीनं एवढासा झाला होता, आणि त्याला तिथे नेऊन उभं करण्याची जाहीर व्यवस्था मी केली होती, कुर्ता घालून.

सकाळी भाड्याची गाडी घेऊन निघालो आणि मलेशियाच्या सीमेवरच्या चेकपॉइंटवरून परत पाठवले गेलो. सिंगापूरची गाडी बाहेर जाताना टाकी पाऊण भरलेली लागते, हे इथल्या पोरासोरांना माहीत असतं. आमचा काटा अर्ध्यावर. मामांना एकदम तरतरी आली. “इशारा हाय हा. ऱ्हाऊ दे. घरी जाऊन पोहे खाऊ.”

“पेट्रोल भरा,” मागून मामी म्हणाल्या.

भरलं. दुपार कलता कलता डोंगरांत शिरलो, आणि वळणावळणाला ड्युरियनचे फलक दिसू लागले. गावाच्या तोंडाशी चौकात सिमेंटचा भला थोरला ड्युरियन उभा होता, काट्यांसकट, हिरवागार रंगवलेला. पोस्टडॉक खोटं बोलला नव्हता. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, हातमोजे घातलेली माणसं फळं फोडताहेत, लांबून आलेली गिऱ्हाइकं वास घेऊन भाव करताहेत. गावाला पुन्हा एकदा सोनं सापडलं होतं. ह्या खेपेला झाडावर.

त्या फळाच्या उग्र वासानं मामांनी नाकाला रुमाल लावला. “फळाचा पुतळा उभारलाय भाड्यांनी,” ते म्हणाले.

रस्ता मात्र खरंच एकच होता. मामींनी उतरल्या उतरल्या दोन्ही बाजू बघून घेतल्या, घरच्यासारख्या. “न्हाव्याचं कुठलं?” मामांनी बोट दाखवलं. तिथे चष्म्यांचं दुकान होतं. भट्टीच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकत होती. मामांनी कोटाची बटणं लावली. होय, कोट. त्या उकाड्यात त्यांनी कोट आणला होता.

पहिल्या सोनाराकडे गेलो. मामा मलायमध्ये बोलले, काउंटरमागच्या तरुणानं मान हलवली. दुसऱ्याकडे गेलो. त्याचे वडील वारले होते. वडिलांना माहीत असेल कदाचित. गहाणवटीच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं मामांना नीट न्याहाळलं, आम्ही तिघंही थांबून राहिलो, आणि मग त्यानं विचारलं की काही गहाण ठेवायचं आहे का. प्रत्येक दुकानातून बाहेर पडताना मामा आम्हाला सांगत, “हा नवा हाय.” हा नवा हाय. हा बी नवा हाय. मग सांगायचं थांबले.

आणि इथे मी मामींना पाहिलं. इतकी वर्षं ह्या बाई नेमक्या वेळी कुकरची शिट्टी काढत आल्या होत्या. आता त्या स्वतःच पुढे होऊन लोकांना थांबवायला लागल्या. फुलवालीला थांबवलं, बसची वाट बघणाऱ्या आजोबांना थांबवलं. मलायचा एक शब्द येत नाही. नवऱ्याकडे बोट, मग हातानं भाता मारल्याची खूण, मग कपाळाला आठी घालून प्रश्न. लोक हसून पुढे जात. शेवटी त्या म्हणाल्या, “अवो, पाय दुखले माझे. कॉफी घेऊ जरा.”

मामींचे पाय कधी दुखत नाहीत. मुस्तफाच्या त्या अवाढव्य दुकानात दिवसभर हिंडून त्या बस नको म्हणतात.

कोपऱ्यावर जुनं कॉफीचं दुकान होतं, संगमरवरी टेबलं, वर पंखे. मामा भिंतीकडे तोंड करून बसले. कॉफी आणून दिली ती पन्नाशीच्या एका चिनी बाईनं. गल्ल्यावर तिची सासू, ऐंशीच्या पुढची, हाडं आणि डोळे एवढंच शिल्लक. ती मामांच्या पाठीकडे बघत होती. मग उठली, काठी टेकत आमच्या टेबलाला वळसा घालून भिंत आणि मामा यांच्या मधे येऊन उभी राहिली. वाकून तोंड बघितलं. आणि काठी टाकून दोन्ही हात वर फेकत ओरडली, “बोंबा! बोंबा!”

तिकडे आगीच्या बंबाला बोंबा म्हणतात.

आतून एक म्हातारा आला. शेजारच्या दुकानातून दुसरा आला. सगळे मामांकडे बोट दाखवून “बोंबा, बोंबा” करत हसत होते, एकानं मामांच्या पाठीत धपका घातला. आजी धबधब्यासारखी बोलत सुटली. बोलता बोलता तिनं आमच्या टेबलावरची काड्यापेटी उचलून स्वतःच्या खिशात घातली.

“काय म्हणत्यात?” मामींनी विचारलं.

मामा घसा साफ करत म्हणाले, “म्हंत्या, लई दिवसांनी आलास. गाव सुनं सुनं झालं तुज्याबिगर.”

मी ते सुनेला इंग्रजीत सांगून खातरजमा केली. “नो लाह, आंटी,” ती मामींना इंग्रजीतच म्हणाली. “ती म्हणते, ह्या माणसानं आमचं स्वयंपाकघर जाळलं.”

मी कॉफीत बुडालो. सून मग रीतसर सांगत गेली, आणि मी ते मराठीत मामींना सांगत गेलो, कारण मामांनी भाषांतराच्या कामातून अंग काढून घेतलं होतं.

समोर एका सोनाराचा कारखाना होता. त्याच्या दारात काथ्याचं भलं मोठं पायपुसणं. कारागिरांनी वर्षानुवर्षं त्याला पाय पुसलेले. आता गलाईवाल्याला असं पायपुसणं दिसलं की तो त्याला पायपुसणं म्हणत नाही. ते जाळायचं, राख धुवायची, आटवायची, की कारागिरांच्या तळव्यांवरून आलेलं सगळं सोनं हातात. मामांनी सोनाराला गळ घालून ते मिळवलं.

“मग भट्टीत का नाही जाळलंत?” मी विचारलं.

“मावंना,” मामा कॉफीच्या कपाला म्हणाले. “लई मोठं व्हतं.”

म्हणून त्यांनी ते कॉफीच्या दुकानामागे नेलं, वारा लागू नये म्हणून अगदी भिंतीला चिकटून. पावसानं ओलं होतं, पेटेना, म्हणून रॉकेल ओतलं. वर झावळ्यांचं छप्पर. स्वयंपाकघर गेलं, शेजारचं शिंप्याचं दुकान गेलं, त्याच्या पलीकडचं औषधांचं गेलं. सगळा गाव धावला, पण गावात बादल्या कमी आणि सोनं धुवायच्या पराती भरपूर. ओढ्यापासून रांग लावून परातींनी पाणी आणलं. उथळ पराती त्या, पोचेपर्यंत निम्मं पाणी सांडायचं, आणि काहीजण, आजी म्हणाली, त्या धांदलीतही परातीला मनगटातून झोल देऊन तळ बघत होते. त्यानंतर गावानं सरकारकडे जाऊन भांडून बंब आणला. लाल बंब आला त्या दिवशी बॅण्ड लावला होता. गावात बंब कसा आला, हे इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे.

मामी हसत नव्हत्या. मला भीती वाटली. मग त्यांनी मला सुनेकरवी आजीला विचारायला सांगितलं: आमचे हे गाव सोडून गेले तेव्हा सगळा गाव वेशीपर्यंत आला होता, हे खरं का?

आजीनं जोरजोरात मान डोलावली. सून म्हणाली, “हो, आले होते ना. सगळे आले होते. हा खरंच गेला याची खात्री करायला.”

मग मामींचा बांध फुटला. पदर तोंडात कोंबून त्या हसल्या, डोळ्यांतून पाणी आलं, आजीच्या खांद्यावर डोकं टेकून हसल्या, आणि एकमेकींची भाषा न येणाऱ्या त्या दोघी मामांकडे बघून पुन्हा पुन्हा हसत राहिल्या.

“पायपुसण्यातून निघालं का पण काही?” मी विचारलं.

“एवढंसं,” मामांनी अंगठ्याचं टोक दाखवलं. आजी मधेच बोलली: तो दाणा ह्यानं माझ्या सासूच्या हातावर ठेवला, जळालेल्या घराबद्दल. सासूनं दात करून घेतला. भांडताना तो दाखवायची.

उठताना मामींनी आजीचे दोन्ही हात धरले आणि पिशवीतला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा तिला दिला. आजीनं मामांना कॉफीचे पैसे देऊ दिले नाहीत. दारापर्यंत मात्र ती आणि ते दोघे म्हातारे आले, आणि आमची गाडी वळेपर्यंत उभे राहिले. का, ते मी विचारलं नाही.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. मामी मागे झोपल्या होत्या. मला वाईट वाटत होतं. माणूस कणा म्हणून गेला होता आणि बंब म्हणून परतत होता. जोहोरच्या पुलावर गाड्यांच्या रांगेत थांबलो तेव्हा मध्यरात्र होत आली होती. मामांनी हळूच मागे वळून मामींना बघितलं आणि आवाज खाली आणला.

“मंडळात काय सांगनार तू?”

“तुम्ही म्हणाल ते, मामा. खुर्ची दिली, कॉफी दिली, डोळे पुसले. खोटं नाही त्यात काही.”

“आन आगीचं?”

“आगीचं नाही काढणार. शब्द देतो.”

मामांनी कोटाची बटणं सोडली.

“तसं नगं,” ते म्हणाले. “सांग. पन नीट सांग. थेटर बी जळालं व्हतं, म्हातारी इसरली.”